डोक्याचं माप

रेनेने हेल्मेट हातात दिलं तेव्हा ते आतून गरम होतं. नुकतंच कुणीतरी उठून गेलेल्या खुर्चीसारखं. संघाचं सामान सांभाळणाऱ्या मार्लन टिडवेलने सवयीने आत बोटं घातली आणि कपाळाजवळची हवेची उशी दाबून पाहिली. घामाने ओली होती, पण हवा बरोबर होती. म्हणजे आपलं काही चुकलेलं नाही, असं त्याच्या मनात आलं आणि पाठोपाठ शरम वाटली. पोराच्या डोक्याला मार बसलाय आणि आपण आपलं काम तपासतोय.

"केशॉनचं आहे," रेने म्हणाली. विद्यापीठाच्या अमेरिकन फुटबॉल संघातल्या पोरांची दुखणीखुपणी तीच बघायची. लहान चणीची, पांढरे केस अगदी बारीक कापलेली बाई. पण साडेसहा फुटी पोरंही तिच्यापुढे मान खाली घालत. "कुलपात टाक. कुठल्या पेटीत ते मलासुद्धा सांगू नकोस. आज हा पोरगा पुन्हा मैदानात जायचा नाही."

"जोरात लागलंय?"

"मी विचारलं, बाळा, आपण कुठल्या गावात खेळतोय? तर म्हणाला, मावशी, चेष्टा करता काय! हसला गोड. पण गावाचं नाव काही सांगितलं नाही." एवढं बोलून ती पुन्हा बाकड्याकडे गेली.

हेल्मेट लपवायची ही रीत जुनीच होती. सामना रंगात आला की डॉक्टरचा शब्द कुणी ऐकत नाही, प्रशिक्षक ऐकत नाही आणि पोरगा तर नाहीच नाही. पण हेल्मेटशिवाय मैदानात पाऊल टाकता येत नाही. मार्लनने सामानाच्या पत्र्याच्या पेटीत, टॉवेलांच्या खाली ते ठेवलं, कुलूप लावलं आणि किल्ली पॅंटच्या खिशात टाकली. हजार वेळा केलेलं काम. तरीही पेटीपासून त्याला हलता येईना. मागे विद्यापीठाच्या बॅंडने जोर धरला होता, ढोलांनी पत्रा थरथरत होता, प्रेक्षकांतून तळलेल्या माशांचा वास येत होता. आणि त्याच्या तळहाताला मात्र त्या आतल्या उबेची जाणीव चिकटून बसली होती. पॅंटला हात पुसला तरी जाईना.

ही सगळी डोकी त्याच्या हाताखालून गेलेली. ऑगस्टच्या उकाड्यात नवी पोरं सामानाच्या खोलीत रांग लावत, एकेक जण येऊन स्टुलावर बसे आणि मार्लन भुवयांच्या वर फीत गुंडाळून माप घेई. मग हेल्मेट चढवायचं, पंपाची सुई खोचून हवा भरायची, तोंडापुढची जाळी धरून डावीउजवीकडे हलवायची. कपाळाची कातडी हेल्मेटबरोबर सरकली पाहिजे. हेल्मेट एकटंच सरकलं तर माप चुकलं. केशॉन बॉलवेअर पहिल्यांदा आला तेव्हा दाराच्या चौकटीला खांदा घासून आत शिरला होता. एवढा थोराड, पण डोक्याला हात लावला तर मागची बाजू लहान मुलासारखी, गोल आणि नाजूक. "आवळून टाका काका," तो म्हणाला होता, "माझी आई येणारे बघायला. तिच्यासमोर टोपी उडाली तर मेलोच." ती आई नंतर प्रत्येक सामन्याला आली. पिवळी हॅट घालून, कठड्यालगतच्या रांगेत. आजही होती. पोराला धरून बाहेर आणलं तेव्हापासून ती उभीच होती, आणि तिच्या मागचे लोक, एरवी कुणाच्या बापाचं न ऐकणारे, तिला बस म्हणायला धजत नव्हते.

मार्लनने तिच्याकडे बघायचं टाळलं. खरं तर केशॉनकडेही. बाकड्याच्या टोकाला टॉवेल डोक्यावर घेऊन बसलेला तो पोरगा त्याला नुसता कडेकडेने दिसत होता, आणि त्या टॉवेलखाली काय चाललं असेल ते आपल्याला ठाऊक असायला हवं, जगात दुसऱ्या कुणाला नाही तरी आपल्याला हवं, असं त्याला वाटत होतं. पण त्याला काहीच ठाऊक नव्हतं. तीच तर गोम होती. सामानाच्या खोलीकडे जाणाऱ्या बोळात, भिंतीवर, मार्लन टिडवेलचा मोठा फोटो होता. विशीतला मार्लन, चिखलाने माखलेला, चेंडू घेऊन पळणाऱ्या गड्याला कमरेत धरून हवेत उचललेला. नदीपलीकडच्या विद्यापीठाविरुद्धचा तो सामना. पहिल्या डावात मार्लनच्या डोक्याला असा फटका बसला की त्याला आपल्या संघाचं बाकडं सापडेना. तो पलीकडच्यांच्या बाकड्यावर जाऊन बसला. तरी दुसऱ्या डावात उतरला आणि शेवटच्या क्षणी, अगदी रेषेवर, त्याने त्यांचा गडी आडवा केला. सामना जिंकला. हे सगळं त्याला न्हाव्याच्या दुकानात सांगत, चर्चच्या पायऱ्यांवर सांगत, पेट्रोल भरताना अनोळखी म्हातारे खांद्यावर थाप मारून सांगत. आणि तो हसून मान हलवी, कधी आग्रह झाला तर ऐकलेलंच पुन्हा सांगे. त्याला आठवत होती ती त्या सकाळची खानावळ, मक्याच्या लापशीवर वितळणारं लोणी, समोर बसलेल्या कुणाचा तरी चमचा. मग बुटाची नाडी. आणि त्याच्यापुढे एकदम सोमवार, वर्गाची खिडकी, फळ्यावरचा खडू. मध्ये अंधारही नव्हता. अंधार असता तर निदान काही होतं असं म्हणता आलं असतं. दोन मजले आहेत आणि मधला जिना कुणी काढून नेलाय, एवढंच. वरच्या मजल्यावर सगळे टाळ्या वाजवत होते, तेव्हा तोही हसला. आणि एकदा हसल्यावर मग, मी इथे आलो कसा, असं विचारायची सोय राहिली नाही. त्या सामन्यावर त्याला नोकरी मिळाली. त्या सामन्यामुळे जुनेटच्या बापाने त्याला रविवारी जेवायला बोलावलं, आणि जुनेट मिळाली. खेळाडू म्हणून त्याचं पुढे काही झालं नाही. त्या मोसमानंतर त्याला उजेड सोसेना, चेंडू कधी दोन दिसत. पण गावाला तेवढं एक चित्र पुरलं. माणसाचं आयुष्य त्याला न आठवणाऱ्या दुपारवर उभं राहू शकतं का? राहिलं होतं खरं. अलीकडे मात्र ते कुठेतरी हलत होतं. मागच्या आठवड्यात मासळीवाल्यापुढे उभं राहून त्याला, लहानपणापासून खाल्लेल्या माशाचं नावच आठवेना. शेवटी त्याने बोट दाखवलं. मासळीवाला हसला. मार्लनही हसला. हसण्यात तो आता तरबेज झाला होता.

सामन्याचा शेवटचा पाव हिस्सा उरला तेव्हा दोन्ही संघ बरोबरीला आले आणि तेवढ्यात लामार पडला. केशॉनच्या जागी खेळणारा तो एकच. पाऊल मुरगळलं होतं, त्याला उठताच येईना. रेने बॅग घेऊन मैदानाच्या पार पलीकडच्या टोकाला धावली. पुढे काय होणार ते मार्लनला कुणी न सांगताच दिसलं. झालंही तसंच. बकनर, उपप्रशिक्षक, तोंडात च्युइंगगम, लांब लांब ढेंगा टाकत आला.

"टिडवेल, केशॉनचं ते एकवीस नंबरचं हेल्मेट काढ."

"रेनेने ठेवून घेतलंय."

"मी रेनेचं नाव घेतलं का? कुठाय हेल्मेट?"

"पेटीत. पण किल्ली तिच्याकडे आहे."

खोटं इतक्या सहज निघालं की त्याला स्वतःलाच नवल वाटलं. किल्ली खिशात मांडीला टोचत होती. मी देणार नाही, असं म्हणता आलं असतं. साधी वाक्यं असतात ही, तीन शब्दांची. पण ती त्याच्या घशात कधी तयारच झाली नव्हती. बकनरने पेटीकडे पाहिलं, मार्लनच्या खिशाकडे पाहिलं की काय कोण जाणे, आणि शिवी हासडून मागे वळला. तेवढ्यात केशॉनच उठून आला. टॉवेल मानेभोवती, डोळे लकाकलेले.

"काका, द्या ना."

"बस खाली."

"बसून बसून मुंग्या आल्या पायांना. मी ठणठणीत आहे. काका, तुम्ही नव्हतात का खेळलात? अख्खं गाव सांगतं. तुम्हाला बाकडं सापडत नव्हतं."

"त्या वेळची गोष्ट वेगळी होती."

"काय वेगळी? तुमचं डोकं बिडाचं होतं?"

मार्लनने तोंड उघडलं. उत्तर होतं त्याच्याकडे, जिभेवर आलेलं, पण ते एकदा बाहेर पडलं की बोळातला फोटो, रविवारची ती जेवणं, खांद्यावरच्या थापा, सगळं एकदम खाली येईल आणि आपण उघडे पडू असं त्याला वाटलं. आणि शिवाय दुसरंही काही वाटलं, जे त्याला कबूल करवत नव्हतं. या पोराने आज खेळावं, जिंकावं, त्याचाही फोटो लागावा. आपल्याला मिळालं ते त्याला नाकारणारे आपण कोण? लाख लोकांतल्या एखाद्याला अशी एक दुपार मिळते. न आठवली म्हणून काय झालं?

"बिडाचं नव्हतं," तो एवढंच म्हणाला, आणि ते बॅंडमध्ये बुडून गेलं.

बकनर परत आला तेव्हा त्याच्या हातात जादा सामानातलं एक हेल्मेट होतं. कुणाच्याच मापाचं नसलेलं, कोऱ्या वासाचं. त्याने ते केशॉनच्या डोक्यावर बसवलं. "टिडवेल, पट्टा लाव याचा. लवकर!"

आणि मार्लनने लावला. पुढे पुष्कळदा त्याने हा क्षण उलटापालटा करून पाहिला, पण त्यात ठरवणं असं कुठे सापडेना. हात आपणहून वर गेले. वर्षानुवर्षं कुणी लवकर म्हटलं की ते जातच असत. हनुवटीखाली बोट घालून त्याने पट्टा ओढला, एक बटण, दुसरं बटण, खट, खट. जाळी धरून हलवलं. हेल्मेट एकटंच सरकलं. आत केशॉनचं कपाळ जागच्या जागी राहिलं, घामाने चमकणारं, आणि जाळीमागून ते डोळे त्याच्याकडे बघत होते. कृतज्ञ होते. पण त्यांतलं एक बुबुळ दुसऱ्याहून मोठं होतं, आणि बघता बघता ते मार्लनच्या चेहऱ्यावरून घसरून त्याच्या कानाकडे गेलं आणि तिथेच थांबलं.

"चल, पळ!" बकनरने त्याच्या पाठीवर थाप मारली. पोरगा पळाला.

मार्लन रेषेवर उभा राहिला. बोटांत अजून पट्ट्याचा ताण होता. समोर केशॉन आपल्या गड्यांच्या घोळक्यात शिरताना क्षणभर चुकीच्या दिशेला वळला, कुणीतरी त्याला दंड धरून फिरवलं, आणि सगळे हसले. सात हजार लोकांना ते दिसलं असेल, पण कुणाला काही वाटलं नाही. त्या दिवशीही असंच असेल, मार्लनला वाटलं. मीही वळलो असेन. कुणीतरी हसून मला फिरवलं असेल. कुणीतरी माझा पट्टा लावला असेल. चांगला माणूस असेल तो, घाईत असेल, त्याचे हातही असेच आपणहून वर गेले असतील. आयुष्यात पहिल्यांदा त्याला त्या हरवलेल्या दुपारचा जणू एक तुकडा दिसला, आणि त्यात तो खेळाडू नव्हता. त्यात फक्त एक हात होता, हनुवटीखाली.

त्याने "रेने!" अशी हाक मारली. रेने पलीकडे लामारच्या पावलाशी वाकलेली. त्याने पंचाकडे हात केला, पंचाची पाठ होती. मग तो चालायला लागला. पळाला नाही. रेषा ओलांडली तेव्हा गवत बुटाखाली मऊ लागलं, आणि आपलं सुटलेलं पोट, लटकणारा टेपमापाचा गुंडाळा, वय, सगळ्याची त्याला एकदम लाज वाटली. बकनर मागून ओरडत होता. प्रेक्षकांना आधी वाटलं, कुणाचं तरी सामान तुटलंय. मग गलका बदलला. घोळक्यात शिरून मार्लनने केशॉनच्या हेल्मेटची जाळी मुठीत धरली.

"चल बाहेर."

"काका! काय करताय? वेड लागलं का?"

"चल म्हणतो ना."

शिट्टी वाजली. पंचाने दंडाची खूण म्हणून फेकलेला पिवळा रुमाल गवतावर येऊन पडला. केशॉनने त्याच्या मनगटावर जोरात फटका मारला, दुसरा मारला; मार्लनने मूठ सोडली नाही. त्याने आपलं तोंड जाळीला लावलं. "मला आठवत नाही," तो म्हणाला.

"काय?"

"तो सामना. मला काही आठवत नाही. एक क्षणसुद्धा नाही. लोक सांगतात तेवढाच मला माहीत आहे."

पोराने मान झटकली. मग म्हणाला, "खोटं बोलताय तुम्ही." आवाजात राग होता, आणि रागाच्या तळाला रडू. "मला बाहेर काढायला खोटं बोलताय."

त्याला पटलं नाहीच. तो हललाही नसता. पण कठड्यावरून आवाज आला, बॅंडला भेदून जाणारा. "केशॉन! इकडे ये!" पिवळी हॅट पायऱ्या उतरून कठड्यापाशी आली होती, तिला अडवणारा शिपाई दोन पावलं मागे सरकला होता. केशॉनची मान आपोआप खाली गेली. सात हजार लोक हुर्यो करत असताना मार्लनने त्या पोराला जाळी धरून, बैल आणावा तसा, कठड्यापर्यंत आणलं.

मिसेस बॉलवेअरने आधी पोराच्या तोंडाकडे पाहिलं, मग हेल्मेटकडे. तिने कठड्यावरून हात घालून ते हलवलं. गदगद हललं.

"हे त्याचं नाही," ती म्हणाली.

"नाही."

"त्याचं काढून घेतलं होतं ना? मी पाहिलं. मग हे कुणी बांधलं याच्या डोक्यावर?"

बकनर मागे येऊन उभा होता, धापा टाकत. मार्लनला त्याचं नाव घेता आलं असतं आणि ते खोटंही झालं नसतं.

"मी बांधलं," तो म्हणाला.

आभार नाहीत, शिवी नाही. मग तिने हनुवटीखालची बटणं स्वतःच्या बोटांनी काढली, हेल्मेट उतरवून मार्लनच्या छातीवर ढकललं आणि पोराचं डोकं दोन्ही हातांनी आपल्या खांद्यावर घेतलं.

त्या दंडामुळे चेंडू मागे गेला, संधी गेली, आणि संघ सामना हरला. थोडक्यात हरला, म्हणून लोक जास्त चिडले. मार्लनच्या अंगावर कुणीतरी थंड चहाचा पेला फेकला. शर्टावरून साखरेचा चिकटा ओघळत असताना त्याने नेहमीसारख्या जर्सी मोजून गाडीत भरल्या. कोच गिलियम, मुख्य प्रशिक्षक, त्याच्यापाशी आला तेव्हा ओरडला नाही. तो मार्लनबरोबर खेळलेला होता. त्या फोटोत मागे, अर्धवट, तोही होता. "रेनेला बोलवायचंस," तो म्हणाला. "पंचाला सांगायचंस. मैदानात घुसायचं कशाला, मार्लन?" मग दुसरीकडे बघत, "सोमवारी येऊ नकोस. मी फोन करीन."

घरी पोचला तेव्हा ऊन अजून ओट्यावर होतं. जुनेटने शर्टाकडे पाहिलं आणि काही न विचारता तो धुवायला घेतला. रेडिओवर तिने सगळं ऐकलं होतं. इतक्यात रेनेचा फोन आला. इस्पितळातून. डोक्याच्या तपासणीत काही सापडलं नव्हतं, रक्तस्राव नाही, सूज नाही. रात्रभर ठेवून घेणार होते. "भयंकर चिडलाय तुझ्यावर," रेने म्हणाली. "म्हणतो, टिडवेलकाकांनी माझी वाट लावली." मार्लनने विचारलं, खेळला असता तर? "कदाचित काही झालं नसतं," ती म्हणाली. "कदाचित झालं असतं. ते आता कुणालाच कळणार नाही." फोन ठेवल्यावर त्याला हलकं वाटायला हवं होतं. पण निदान थोडं तरी काही सापडलं असतं तर बरं झालं असतं, असा एक घाणेरडा विचार मनाला शिवून गेला, आणि तो तसाच स्वयंपाकघरातल्या खुर्चीवर बसला.

जुनेटने पुढ्यात ताट ठेवलं. चवळी, भात, कोबी. तो हात न लावता बसून राहिला.

"मला तो सामना आठवत नाही," तो म्हणाला. "आपला. फोटोतला. कधीच आठवला नाही."

"ठाऊक आहे मला," जुनेट म्हणाली.

त्याने मान वर केली.

"तू ती गोष्ट सांगतोस तेव्हा माझ्या बाबांच्या शब्दांत सांगतोस. 'माणूस कसला, दारच बंद झालं तोंडावर.' हे बाबांचं बोलणं. आणि बाबा तर त्या दिवशी मैदानावर नव्हतेच. छपराला डांबर फासत होते, रेडिओ लावून." ती ओठ आवळून हसू दाबत होती, पण डोळ्यांत हसू नव्हतं. "लग्नानंतर पहिल्याच नाताळात लक्षात आलं माझ्या."

"मग बोलली का नाहीस इतकी वर्षं?"

"तू बोलशील म्हणून थांबले. आणि मग, तुला ती गोष्ट सांगायला आवडायचं रे." तिने खुर्ची ओढली आणि त्याच्या शेजारी बसली. "पण आता निराळंच चाललंय. परवा तू दारात उभा होतास आणि मला विचारलंस, मी आत आलो की बाहेर निघालो. हसत विचारलंस. पण विचारलंस."

त्याला ते आठवत नव्हतं. हेही नाही. बाहेर कुणाची तरी मोटार हॉर्न वाजवत गेली. पराभवाचा होता की दुसऱ्याच कशाचा, कळायला मार्ग नव्हता.

"सोमवारी तसंही तुला काम नाही," जुनेट म्हणाली. "डॉक्टरकडे जाऊ. गिलियमच्या फोनची वाट बघत घरात बसायचं नाही."

"जुनेट, मला भीती वाटते."

"वाटू दे," ती म्हणाली, आणि चमचा उचलून त्याच्या हातात दिला. "आधी जेव."